तुघलकाची राजधानी आठ-दहा वर्षांत उठली, नान खलिया मात्र संभाजीनगरातच राहिला

पाव, त्यात मांस, ताट नको की चमचा नको. बर्गरचं गणित एवढं साधं आहे. म्हणूनच तो जगभर चालला आणि आता लोक तो घरी करून बघतात.

पण छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला पाव आणि मांसाची ही जोडी नवीन नाही. जुन्या शहरात भट्टीतून निघालेला पिवळसर, जाड, मऊ नान आणि सोबत लाल तर्रीचा मटणाचा रस्सा मिळतो. त्याला म्हणतात नान खलिया. काहीजण कलियाही म्हणतात.

हा पदार्थ शहरात आला कुठून, असं कुणालाही विचारा, उत्तरात एकच नाव येतं. मुहम्मद बिन तुघलक.

हो, तोच. ज्याच्या नावावरून आपण आजही एखाद्या विचित्र सरकारी निर्णयाला तुघलकी कारभार म्हणतो.

तर हा तुघलक नेमका होता कोण आणि त्याचा आपल्या नान खलियाशी काय संबंध?

गोष्ट सुरू होते 1320 मध्ये. खिलजी घराण्याची सत्ता संपली आणि गाझी मलिक नावाचा सरदार दिल्लीच्या गादीवर बसला. त्याने गियासुद्दीन तुघलक हे नाव घेतलं. त्याचा मोठा मुलगा जौना खान. हाच पुढचा मुहम्मद बिन तुघलक.

बापाने पोराला दख्खनेत पाठवलं. वारंगळचा पहिला वेढा फसला, पण 1323 मध्ये त्याने ते राज्य जिंकलं. या मोहिमांमुळे त्याला देवगिरीचं महत्त्व पक्कं कळलं. यादवांची ही राजधानी 1318 मध्येच दिल्लीच्या ताब्यात गेली होती. उभा कातळ, खोल खंदक आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटांवर नजर. असा किल्ला दुसरा नव्हता.

1325 मध्ये गियासुद्दीन बंगालच्या मोहिमेवरून परतत होता. दिल्लीजवळ त्याच्या स्वागतासाठी लाकडी मंडप उभारला होता. तो कोसळला आणि सुलतान गेला. मंडप मुलाने उभारून घेतला होता, त्यामुळे हा अपघात होता की घातपात, यावर इतिहासकार आजही भांडतात. पण गादीवर मुहम्मद बसला.

हा माणूस अडाणी अजिबात नव्हता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक यांत त्याला गती होती. फारसी कविता त्याला पाठ होत्या आणि अक्षर सुंदर होतं. त्याची अडचण वेगळीच होती. डोक्यात आलेली कल्पना लगेच, सगळीकडे आणि सगळ्यांवर लागू झाली पाहिजे, असा त्याचा हट्ट असायचा.

याच सुमारास दख्खनेत त्याचाच नातलग बहाउद्दीन गुर्शास्प याने बंड केलं. ते मोडताना दिल्लीपासून दक्षिण किती लांब आहे हे सुलतानाला पुन्हा जाणवलं. मग 1327 मध्ये त्याने ठरवलं की राजधानी देवगिरीला न्यायची. गावाचं नाव झालं दौलताबाद.

दिल्ली ते दौलताबाद हा प्रवास तेव्हा साधारण 40 दिवसांचा होता.

सगळी दिल्ली रिकामी केली, कुत्रं-मांजरही उरलं नाही, अशी वर्णनं आहेत. ती अतिशयोक्त मानली जातात. त्याच काळातले दिल्ली परिसरातले संस्कृत शिलालेख सापडले आहेत, आणि त्यांवरून तिथलं जनजीवन चालूच होतं असं दिसतं. हलवले गेले ते मुख्यतः सरदार, अधिकारी, मौलवी, सूफी आणि त्यांची कुटुंबं. सुलतानाने वाटेत सोयी केल्या, पैसे दिले, दौलताबादेत वस्त्या उभ्या केल्या.

पण सोय केली म्हणून सक्ती गोड होत नाही. इसामी नावाचा कवी तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याच्या नव्वदीतल्या आजोबांनाही घराबाहेर काढण्यात आलं. दिल्लीपासून पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला, त्यांनी प्राण सोडला. नातू पुढे दौलताबादला पोहोचला. त्याने 1350 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ग्रंथात तुघलकाबद्दलचा राग लपवलेला नाही.

नान खलियाची दंतकथा याच प्रवासाशी जोडलेली आहे. हजारो सैनिक, रोज नवा मुक्काम, रोज पोट भरायचं. प्रत्येकाला वेगळं वाढत बसायला वेळ नाही. मग मोठ्या देगेत मांस शिजवायचं, भट्टीत भराभर नान लावायचे आणि हातात द्यायचे. फौजेचं फास्ट फूडच म्हणा ना.

आता ही गोष्ट खरी का? तुघलकाने अमुक दिवशी हा पदार्थ करायला लावला, ही सांगोवांगीची कथा आहे. पण ती अगदी हवेतलीही नाही. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी 1334 मध्ये दिल्लीला आला आणि सुलतानाने त्याला काझी नेमलं. दरबारातल्या जेवणाचं त्याने बारीक वर्णन केलं आहे. त्यात पातळ रोट्या आहेत, भाजलेलं मांस आहे, खिमा भरलेला समोसा आहे. आणि तूप, कांदा, ओलं आलं घालून शिजवलेलं मांसही आहे. म्हणजे खलियाची आजी म्हणावी अशी पाककृती तुघलकाच्या दस्तरखानावर नक्की होती.

फक्त ती लाल नव्हती. कारण मिरची भारतात आणली पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. तुघलकाला जाऊन तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं झाली होती. आजच्या खलियाची ओळख असलेली लाल तर्री त्याने कधी पाहिलीच नाही. तो रंग नंतरच्या लोकांनी दिला.

इकडे सुलतानाचे प्रयोग थांबत नव्हते. 1329-30 च्या सुमारास त्याने चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढली आणि किंमत चांदीइतकीच ठरवली. कल्पना काळाच्या पुढची होती. पण नकली नाणी रोखायची सोयच नव्हती. लोकांनी घरोघरी नाणी पाडली. शेवटी सुलतानाने ती परत घेऊन बदल्यात चांदी दिली आणि खजिन्याला मोठं भगदाड पडलं.

खुरासानवर स्वारी करायची म्हणून प्रचंड फौज उभी केली, तिला पगार दिला आणि मोहीम रद्द केली. हिमालयाच्या बाजूला पाठवलेली फौज थंडी आणि डोंगरात संपली. गंगा-यमुनेच्या दुआबात शेतसारा वाढवला, त्यातच दुष्काळ पडला. शेतकरी जमिनी सोडून पळाले. नंतर त्याने शेतीसाठी वेगळं खातं काढलं, विहिरींसाठी, बियाण्यासाठी कर्ज दिलं. तोवर उशीर झाला होता.

दौलताबादचंही तेच झालं. इथून दक्षिण सांभाळता येईना आणि उत्तर सुटत चालली. 1335-36 च्या सुमारास सुलतानाने लोकांना दिल्लीला परतायची परवानगी दिली. पुन्हा तोच रस्ता, उलट्या दिशेने.

पण सगळे परतले नाहीत. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब इथेच राहिले आणि त्यांचा दर्गा आज खुलदाबादला आहे. कवी अमीर हसन सिज्झी यांची कबरही तिथेच आहे. दिल्लीची बोली इथल्या मराठी, कानडी, तेलुगूत मिसळली आणि दखनी भाषा घडली. राहिलेल्यांच्या चुलीही इथेच पेटत राहिल्या.

1347 मध्ये दख्खनच्या सरदारांनी बंड केलं आणि हसन गंगूने दौलताबादेतच स्वतःला सुलतान जाहीर केलं. बहमनी राज्य सुरू झालं. ज्या शहरातून तुघलकाला दक्षिण ताब्यात ठेवायची होती, तिथूनच दक्षिण त्याच्या हातून गेली.

तो मात्र बंडखोरांच्या मागे धावतच राहिला. तगी नावाच्या बंडखोराचा पाठलाग करत तो सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ पोहोचला. मोहरममधला आशुराचा उपास होता. इतिहासकार बरनीच्या सांगण्यानुसार, उपास सोडल्यावर सुलतानाने मासे खाल्ले, ते बाधले आणि आधीचा ताप उलटला. मार्च 1351 मध्ये तो वारला.

पुढे 1610 मध्ये दौलताबादपासून काही मैलांवर मलिक अंबरने खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. दौलताबादच्या आसपास रुजलेला नान खलिया या शहराने आपला मानला. आजही मुस्लिम घरातल्या लग्नात हजारेक पानं उठवायची असतील तर देग आणि भट्टी हेच गणित कामाला येतं.

घरी करून बघायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. खलिया घाईचा नाही. कांदा खरपूस तळायचा, आलं-लसूण, धणे, भाजलेलं सुकं खोबरं आणि भिजवलेली लाल मिरची वाटून मसाला तेलात तेल सुटेपर्यंत परतायचा. मग मटण घालून मंद आचेवर शिजवायचं, तर्री आपोआप वर येते. नानाला भट्टीची आच लागते. ती घरी नसते. म्हणून मैद्याचं पीठ दही, थोडी साखर आणि यीस्ट घालून फुगू द्यायचं. नानाची एक बाजू पाण्याने ओली करून तापलेल्या लोखंडी तव्याला चिकटवायची. खालची बाजू भाजली की तवा उलटा करून नान थेट जाळावर धरायचा. नॉनस्टिक तव्यावर हे जमत नाही.

तुघलकाने राजधानी, नाणी, शेतसारा, सगळं हुकमाने बदलायला घेतलं आणि एकेक करून मागे घेतलं. नान खलिया करा असा हुकूम बहुधा त्याने कधी काढलाच नाही. आचाऱ्यांनी आणि घरच्या बायकांनी तो इथल्या खोबऱ्याने आणि नंतर आलेल्या मिरचीने आपल्या चवीचा करून घेतला. म्हणूनच तो मागे घ्यायची वेळ कुणावर आली नाही.