रेडिओने पेटीला दार बंद केलं, पण टेंबेंनी तिला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली होती

कुर्डुवाडीत सप्ताह असो की गणपती, गाणाऱ्याच्या शेजारी पेटी असतेच. ती इतकी सवयीची झालीये की वाजवणाऱ्याकडे आपलं लक्षही जात नाही.

पण एकेकाळी याच पेटीला बघून जाणकार नाकं मुरडायचे. त्यालाही कारण होतं. हार्मोनियम युरोपातून आलेली. तिचे सूर पट्ट्यांवर पक्के बसवलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणारी मींड तिच्यावर निघतच नाही.

मग गवयाला साथ द्यायची कशी?

ते करून दाखवणाऱ्यांत मोठं नाव म्हणजे गोविंदराव टेंबे. जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटी ते बरीचशी स्वतःच शिकले. कोल्हापूरच्या देवल क्लबमध्ये कान तयार झाला आणि भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसता बसता खरी तालीम मिळाली.

कारण साथ पुस्तकातून शिकता येत नाही. गवई पुढची जागा कशी घेईल, हे आधी ठरलेलं नसतं. पेटीवाल्याने ती ऐकायची, क्षणात उचलायची. गवई श्वासाला थांबला की सूर धरून ठेवायचा, तो पुन्हा सुरू झाला की मागे सरायचं.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात ल्यूट वाजवणाऱ्यांचंही काहीसं असंच होतं. समोर फक्त खर्जाची ओळ आणि काही आकडे, बाकीचे सूर जागच्या जागी भरायचे. टेंबेंसमोर तर कागदही नव्हता.

पुढे त्यांनी स्वतंत्र पेटीवादनातही नाव कमावलं. १९११ मध्ये 'मानापमान' नाटकाच्या चाली दिल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांसोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाला संगीत दिलं आणि त्यात हरिश्चंद्रही साकारला.

पण १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. १९५५ मध्ये टेंबे गेले, तेव्हाही ती कायम होती. १९७१ पासून ती शिथिल होत गेली.

या सगळ्या काळात मैफलीतून मात्र पेटी कुणी उठवली नाही. गवयांना तिची सवय लागली होती, आणि ती लावणाऱ्यांत टेंबे होते.

पुढच्या वेळी कीर्तनाला गेलात, की बुवा थांबल्यावर पेटीवाला काय करतो, तेवढं ऐका.