नापास झालेले रामानुजन

मी थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्याविषयी लिहीत आहे. २२ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस. २०१२ सालापासून तो आपल्या देशात गणित दिन म्हणून पाळतात. दरवर्षी परिपाठात ते किती हुशार होते तेवढेच आपण ऐकतो. पण ते परीक्षेत नापास झाले होते, तेही एकदा नव्हे, हे मला यंदा वाचनालयातल्या पुस्तकात कळले. म्हणून तेच लिहायचे ठरवले. १७२९ या संख्येची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती मी लिहीत नाही.

रामानुजन यांचा जन्म १८८७ साली तमिळनाडूत इरोड येथे आजोळी झाला. ते वाढले कुंभकोणम् गावी. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. घरची स्थिती बेताचीच. १८९७ साली प्राथमिक शाळेच्या परीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले. पुढे सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना कार नावाच्या इंग्रज लेखकाचे एक जाडजूड पुस्तक मिळाले. त्यात हजारो सूत्रे होती, पण ती कशी आली हे फारसे दिलेलेच नव्हते. झाले! ते शोधून काढायचा त्यांना नाद लागला.

कुंभकोणमच्या कॉलेजात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. पण तास कुठलाही असो, यांच्या वहीत गणितच. मग व्हायचे तेच झाले. इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. फी भरायला घरी पैसे नव्हते. १९०५ साली ते कोणाला न सांगता घर सोडून पार विशाखापट्टणमला निघून गेले. मुलगा हरवल्याचे वर्तमानपत्रात छापून आले. आईवडिलांचे ते दिवस कसे गेले असतील, याचा मी पुष्कळ विचार केला.

परत आल्यावर १९०६ साली ते मद्रासच्या (आताचे चेन्नई) पचैयप्पा कॉलेजात गेले. तिथे एफ.ए.ची परीक्षा होती, म्हणजे आताच्या बारावीसारखी. गणितात उत्तम, पण इतर विषयांत नापास. शरीरशास्त्र तर त्यांना मुळीच आवडत नसे. १९०७ साली पुन्हा बसले, पुन्हा नापास. कॉलेज कायमचे सुटले.

पुढची तीनचार वर्षे फार वाईट गेली. नोकरी नाही. शिकवण्या कराव्या तर त्याही टिकेनात. १९०९ साली लग्न झाले. त्यात दुखणे निघाले. ऑपरेशनला पैसे नव्हते, ते एका डॉक्टरांनी फुकट केले म्हणून निभावले. वही मात्र त्यांनी सोडली नाही.

इथून पुढची हकीगत मला जास्त आवडते. १९१० साली ते वही काखोटीला मारून रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांकडे गेले. मागायचे काय, तर ऑफिसात एखादी साधी कारकुनी. हे अय्यर स्वतः गणिताचे वेडे. भारतीय गणित मंडळ त्यांनीच १९०७ साली काढले होते आणि त्या मंडळाचे ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होते, बरं का! त्यांनी वही चाळली. अशा माणसाला कारकुनीत अडकवणे त्यांना पटले नाही. त्यांनी मद्रासमधल्या ओळखीच्या लोकांना चिठ्ठ्या लिहून दिल्या.

पाहा, त्यांनी गुणपत्रक बघितले नाही, वही बघितली. आमच्या वाडीतला एक दादा दहावीला दोन विषयांत राहिला. तेव्हापासून तो चारचौघांत येत नाही, कारण जो भेटतो तो आधी निकालाचेच विचारतो. विहिरीवरची बंद पडलेली मोटर त्यानेच दुरुस्त केली, ते कोणी विचारत नाही.

त्या चिठ्ठ्यांमुळे नि मित्रांच्या खटपटीने रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोचले. रावांना आधी खरे वाटेना. पण राजगोपालाचारी नावाच्या मित्राने नाद सोडला नाही, पुन्हा भेट घ्यायला लावली. शेवटी रावांची खात्री पटली. रामानुजन यांना पैसाअडका नको होता. पोटापुरते मिळावे आणि गणिताला वेळ मिळावा, एवढेच हवे होते. राव दरमहा २५ रुपये देऊ लागले. १९११ साली गणित मंडळाच्या मासिकात रामानुजन यांचा पहिला मोठा लेख आला.

दुसऱ्याच्या पैशावर किती दिवस राहायचे, म्हणून १ मार्च १९१२ला ते मद्रास बंदराच्या कचेरीत ३० रुपयांवर कारकून झाले. तिथले वरिष्ठ नारायण अय्यर हेही गणितवालेच. रात्री दोघे पाट्या घेऊन बसत. हो, आपल्या पहिलीतल्या पोरांसारख्या पाट्या! कागद महाग, म्हणून रामानुजन पाटीवर लिहीत आणि कोपराने पुसत. मधल्या पायऱ्या ते गाळत, तेव्हा दुसऱ्याला कळेल असे लिहा, असा अय्यर आग्रह धरत. (आमच्या बाईंचाही तोच आग्रह असतो.)

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी इंग्लंडला केंब्रिजच्या हार्डी या प्राध्यापकांना पत्र पाठवले. आधी दुसऱ्यांना लिहिले होते, त्याचा उपयोग झाला नव्हता. हार्डींनी मात्र ते नीट वाचले. मग मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपये दिले. एफ.ए. नापास माणसाला! १७ मार्च १९१४ला ते बोटीने विलायतेला निघाले. १९१६ साली केंब्रिजने त्यांच्या संशोधनावर बी.ए. दिली. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

पण थंडी, शाकाहारी जेवणाचे हाल नि लढाईचे दिवस, यात तब्येत ढासळली. मार्च १९१९ मध्ये ते मुंबई बंदरात उतरले. घ्यायला आई आली होती. २६ एप्रिल १९२० रोजी ते वारले. वय अवघे ३२.

परत येण्याआधी, जानेवारी १९१९ मध्ये, मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षासन देऊ केले होते. इतके पैसे आपल्याला लागणार नाहीत, असे त्यांनी कळवले. वर्षाला ५० पौंड आईवडिलांना द्यावेत, आणि गरजेपेक्षा जे उरेल त्यातून गरीब व अनाथ मुलांची शाळेची फी भरावी, पुस्तके घ्यावीत, असे त्या पत्रात लिहिले होते.