डॉ. सालीम अली : बघत राहणारा माणूस



१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत सालीम अलींचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले, मामांनी वाढवलं. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी पोराचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही, कप्पे उघडून पक्षी दाखवले.

पुढे विद्यापीठाची पदवी नाही. १९३० मध्ये जर्मनीहून शिकून आले, तर नोकरीही नाही. मग अलिबागजवळच्या किहीमला ते सुगरणीची घरटी बघत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादीनं पसंत केलं तरच पूर्ण करतो, हे त्यांनी टिपलं. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक, १९७६ मध्ये पद्मविभूषण. १९८७ मध्ये ते गेले.

आपल्या सोनाळ्यात दिवेलागणीला मुलांना घेऊन आभाळात पाकोळ्या शोधा. तारेवर बसली तर ती भिंगरी. पाकोळीच्या पायांना तारेवर बसताच येत नाही, ती भिंतीला चिकटते. का, असं मूल विचारेल. तेव्हा घाई करू नका, त्याच्यासोबत उद्याही बघा.