लक्ष्मीबाई टिळक व त्यांची ‘स्मृतिचित्रे’

वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूर हे गाव आहे. विदर्भराजा भीष्मकाची राजधानी ती हीच, आणि रुक्मिणीचे माहेर ते हेच, असे सर्व वऱ्हाडात मानितात. कार्तिकात येथे मोठी यात्रा भरते व आषाढीकरिता येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. पुराणातली कथा अशी आहे की, रुक्मिणीने आपले मनोगत पत्रात लिहून एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस धाडिले. त्या कथेच्या खरेखोटेपणात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. परंतु एका स्त्रीने आपले मन आपल्याच शब्दांनी कळविले, ही आठवण ज्या गावाने जपली, त्याच गावी दुसऱ्या एका लिहिणाऱ्या स्त्रीची हकीकत सांगण्याचा प्रसंग आम्हांवर गेल्या कार्तिकात आला. ती हकीकत आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांनीही ऐकावी म्हणून हा लेख.

यात्रेत आम्ही व आमचे एक उपदेशकबंधु शुभवर्तमानाच्या प्रती व काही पुस्तके मांडून घाटाजवळ बसलो होतो. तेथे एक बाई आली. तिच्या नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला. हिने घेतलेला नाही. घरात पाण्याचे माठ दोन, चुली दोन. तिचे माहेर कौंडण्यपुराजवळच, आणि माहेरच्या माणसांबरोबर ती लहानपणापासून यात्रेस येत आलेली. आमचे उपदेशकबंधु मोठे तळमळीचे. त्यांनी लगेच तिला निर्णय करण्याविषयी गळ घालण्यास आरंभ केला. ती उठून जाऊ लागली. तेव्हा आम्ही बंधूंस थांबविले, बाईंस बसविले, आणि समोरच्या पुस्तकांतून ‘स्मृतिचित्रे’ उचलून ते लिहिणारीचे चरित्र सांगू लागलो. जसे सांगितले तसेच, थोडे अधिक विस्ताराने, येथे देतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखले यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आजोळच्या एका कर्त्या पुरुषास 1857 च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे खूळ शिरले. बाजारातून आलेली वस्तु धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. मुलांनी कशास शिवावे व कशास शिवू नये, याचा दिवसभर पहारा. घरातील सारी माणसे त्या खुळाखाली वाकून गेली होती. ज्या बाईस पुढे जातीचा विटाळ मनातून काढून टाकण्यास वर्षे लागली, तिचे बाळपण असे पाण्याने भिजलेले होते, हे ध्यानात ठेवावे. आपल्यापैकी पुष्कळांस त्या विटाळाची दुसरीच बाजू ठाऊक आहे. परंतु तो पाळणारासही कसा छळितो, हे या पुस्तकाइतके स्पष्ट आम्ही अन्यत्र वाचिले नाही.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळकांचा जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. माणूस विलक्षण बुद्धीचा, कवि, वक्ता, संस्कृतज्ञ. आणि तितकाच लहरी. नोकरी धरावी व सोडावी, न सांगता निघून जावे, हाती आलेला पैसा पहिल्या गरजवंतास देऊन रिकाम्या हाताने घरी यावे, रागाच्या भरात काहीही बोलावे आणि क्षणात विरघळावे. बायकोस वाचावयास त्यांनीच शिकविले; पण गुरुजी तापट व शिष्या हट्टी, तेव्हा तो अभ्यास कसा चालला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. शाळेची पायरी लक्ष्मीबाई कधी चढल्या नाहीत.

पुढे टिळक नागपुरास आले. तेथे अप्पासाहेब बुटी या धनिकांचा त्यांस आश्रय होता, व ‘ऋषी’ नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. जातिभेदाविषयी त्यांचे मन त्या काळीच अस्वस्थ झाले होते. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या मिशनरी गृहस्थाशी गाठ पडली. हे अर्नेस्ट वॉर्ड. आपल्या शेजारच्या यवतमाळकडे ज्या फ्री मेथॉडिस्ट मिशनाचे काम पुढे वाढले, त्याच मिशनाचे हे सेवक. त्यांनी टिळकांशी काव्याविषयी व धर्माविषयी गोष्टी केल्या, नव्या कराराचे एक पुस्तक हाती दिले, आणि हा मनुष्य दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती होईल असे भाकीतही केले. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते जे अडकले ते सुटलेच नाहीत. 1895 च्या फेब्रुवारी महिन्याच्या 10 तारखेस मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बायको त्या वेळी नाशिककडे, माहेरच्या माणसांत. लहानगा दत्तू तिच्या कडेवर. नवरा गेला असे म्हणावे तर तो जिवंत. आहे असे म्हणावे तर त्याच्या हातचे पाणी चालत नाही. भावाबहिणींनी सांभाळिले, पण सांभाळणारांच्या डोळ्यांतील कीव सोसणे जड. त्यांच्या जिवाची त्या दिवसांत काय अवस्था झाली हे त्यांनी मागाहून लिहिले आहे, आणि वाचताना आमच्यासारख्या पाळकाची मान खाली जाते. कारण एक आत्मा प्रभूकडे आला म्हणून आम्ही आनंदाने गीत गातो, तेव्हा त्याच घरात दुसरे कोणी भिंतीस डोके टेकून बसले आहे, याची आठवण आम्हांस क्वचितच होते. त्याच दुःखात त्यांनी पद्ये रचिली. ज्या बाईस अक्षरे कशीबशी ठाऊक, तिच्या तोंडून त्या प्रसंगी कविता आली.

मध्यंतरी त्यांचे वास्तव्य आप्तांकडे पंढरपुरास होते. (ही गोष्ट सांगताच यात्रेतल्या त्या बाईने प्रथमच वर पाहिले. कौंडण्यपूरची पालखी जेथे जाते, त्याच गावी ही दुसरी बाई आपले भांडण मनाशी घेऊन राहिली होती.) टिळक पत्रे पाठवीत राहिले. रागाचीही, विनवणीचीही. त्यांनी दुसरा संसार मांडिला नाही. शेवटी लक्ष्मीबाई मुलास घेऊन अहमदनगरास आल्या. टिळक तेथे अमेरिकन मराठी मिशनाच्या कामात होते. तेथेही बाईंनी आपली चूल निराळी व आपले पाणी निराळे ठेविले. टिळकांनी ते चालू दिले. लहरी, तापट, क्षणात पेटणारा तो मनुष्य या एका बाबतीत थांबला. आमच्या मते त्यांच्या साऱ्या भजनांइतकेच हे थांबणे मोठे होते.

मग एके दिवशी काय झाले? कोणी प्रवचन केले नाही. बाई एकट्याच विचार करीत होत्या. जात ही देवाने केली की मनुष्यांनी, हा एकच प्रश्न त्यांनी मनाशी धरिला. आणि ती मनुष्यांनीच केली असे एकदा पटल्यावर बाळपणापासूनचे ते सोवळे गळून पडले. येथे वाचकांनी क्रम पाहावा. आधी विटाळ गेला. ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतर, सावकाश, नवऱ्याचे वागणे व आजूबाजूच्या ख्रिस्ती माणसांचे बरेवाईट पाहून आला. नवऱ्यामागून पाच वर्षांनी, 1900 साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो कोणाच्या आग्रहाने नव्हे, स्वतःच्या निश्चयाने.

पुढचा संसार सुखाचा पण ओढाताणीचा. दुष्काळ पडला तेव्हा पोरकी पोरे घरात आली व घरचीच झाली. प्लेगाच्या साथीत बाईंनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. टिळकांची कीर्ति वाढत गेली. 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते, आणि त्यांची भजने मंडळ्यामंडळ्यांतून गाइली जाऊ लागली. 1917 साली त्यांनी मिशनाची नोकरी सोडिली व ‘देवाचा दरबार’ ही आपली बंधुमंडळी उभारण्यास लागले. 1919 च्या मे महिन्यात मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

आता पुस्तकाकडे येऊ. लक्ष्मीबाईंनी आत्मचरित्र लिहावयाचे असे योजून लेखणी धरिली नाही. टिळकांचे चरित्र लिहावयाचे मुलाच्या, देवदत्ताच्या, मनात होते. त्याकरिता त्याने आईपाशी आठवणी मागितल्या. आई त्या सांगू लागली, लिहू लागली. नवऱ्याच्या गोष्टी सांगता सांगता तिची स्वतःचीच गोष्ट बाहेर आली. दोन्ही एकमेकींत अशा गुंतलेल्या की वेगळ्या काढता येईनात. या आठवणी ‘संजीवनी’ या पत्रात येऊ लागल्या व 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ या नावाने पुस्तकरूपाने भागांनी निघाल्या.

मराठीत त्याआधी ख्रिस्ती माणसांची आत्मवृत्ते नव्हती असे नाही. बाबा पदमनजी यांचा ‘अरुणोदय’ 1888 साली प्रसिद्ध झालेला होता, व तो थोर ग्रंथ आहे. बाबा पदमनजी वाद जाणणारे, शास्त्रांची तुलना करणारे. आपण ख्रिस्ती का झालो हे ते पायरीपायरीने पटवून देतात. लक्ष्मीबाईंचे तसे नाही. त्या काही पटवीत नाहीत. ओसरीवर बसून शेजारणीस सांगावे तसे सांगतात. आणि सांगताना स्वतःचे मूर्खपण झाकीत नाहीत, नवऱ्याचेही दोष झाकीत नाहीत. टिळकांसारख्या पूज्य पुरुषाने रागाच्या भरात काय काय केले तेही पुस्तकात आहे. काहींस हे योग्य वाटणार नाही. आम्हांस सेमिनरीत असताना वाटले नव्हते. साधुपुरुषाच्या पत्नीने घरातल्या भांडणांचे चित्र बाहेर मांडू नये असे आमचे मत होते. पाळकपणाची काही वर्षे गेल्यावर ते मत गळाले. मंडळीत साक्षी ऐकताना आमच्या लक्षात आले की, पूर्वी अंधार होता व आता उजेड आहे, एवढेच जो सांगतो त्याची साक्ष ऐकून लोक मान डोलावितात व घरी जातात. लक्ष्मीबाई अंधार व उजेड यांच्या मधली वाट सांगतात: ठेचा, रुसवे, परत फिरणे, पुन्हा निघणे. टिळकांवर त्यांचे किती प्रेम होते हेही त्या भांडणांतूनच कळते. ज्याचे दोष माहीत आहेत त्याच्यावरील प्रेमावर वाचकाचा विश्वास बसतो.

आणि विनोद! इतक्या दुःखाच्या पुस्तकात इतके हसू कोठून आले, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. आमच्या घरी रात्री हे पुस्तक मोठ्याने वाचीत असता घरातील वृद्ध माणसे डोळे पुशीत पुशीत हसली आहेत.

‘ख्रिस्तायना’ची गोष्ट तर याहून विलक्षण. प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम टिळकांनी आरंभिले होते. सुमारे दहा अध्याय होऊन ते राहिले. ते पुरे करण्याचे ओझे त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी उचलिले. शाळा न शिकलेल्या, उतारवयाच्या विधवेने चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या धर्मामुळे आपला संसार मोडला असे तिने एकदा मानिले होते, त्याच धर्माच्या प्रभूचे चरित्र नवऱ्याच्या अर्ध्यावर राहिलेल्या ओळीपुढे ती लिहीत गेली. 1936 च्या फेब्रुवारीत 24 तारखेस त्या वारल्या. ‘स्मृतिचित्रां’चा चौथा भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाला, आणि ‘ख्रिस्तायन’ 1938 साली छापून झाले. ‘स्मृतिचित्रे’ आज ख्रिस्ती व अख्रिस्ती सारेच मराठी वाचक आपले मानितात. त्याचे इंग्रजी भाषांतर 1950 साली झाले, व 2017 साली शांता गोखले यांनी पुन्हा नव्याने केले.

घाटावर हे सारे सांगून होईपर्यंत ऊन उतरले होते. बाईंनी मध्ये एकदाच तोंड उघडिले होते. वेगळे राहण्याच्या त्या वर्षांत नवऱ्याने पत्रे खरोखर पाठविली का, एवढेच त्यांनी विचारिले. आम्ही होय म्हणालो. बाप्तिस्म्याविषयी त्यांनी काही विचारिले नाही व आम्हीही विषय काढिला नाही. जाताना त्यांनी पुस्तक मागितले. त्यांस वाचता येत नाही. पण धाकटी मुलगी सातवीत आहे, ती वाचून दाखवील, असे त्यांचे म्हणणे. पैसे थोडे कमी होते, ते आमच्या उपदेशकबंधूंनी आपल्या खिशातून घातले.

नाताळाच्या सुमारास आम्ही त्या गावी गेलो होतो. माठ अजून दोनच होते. संध्याकाळी मुलगी कंदिलापाशी बसून वाचीत होती, आई भाकरी थापीत ऐकत होती, आणि नवरा उंबऱ्याच्या बाहेर, जोडे न काढिता, गुपचूप बसला होता. टिळक नागपुरास येतात तेथपर्यंत वाचन आले होते.