कृपेचे ऋण : पंडिता रमाबाईंचे जीवन

हीरक महोत्सवासारखा प्रसंग आला की माणूस मागे वळून पाहतो आणि आपल्याला कोणाकडून काय मिळाले, याचा मनोमन हिशेब मांडू लागतो. ज्यांनी पहिले अक्षर गिरवून घेतले, ज्यांनी चुका पदरात घेतल्या, त्यांची आठवण येते. ज्याची परतफेड होऊ शकत नाही अशा ऋणाचे काय करावे, हा प्रश्न आपणा सर्वांपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. पंडिता रमाबाईंनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या उभ्या आयुष्याने दिले. ख्रिस्ती श्रद्धेच्या भाषेत त्या ऋणाला तारण म्हणतात आणि त्या उत्तराला कृतज्ञता व विश्वास.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, हा लोकाचार त्यांनी मानला नाही. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी स्वतः शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या टोपलीत घालून त्या तान्ह्या मुलीला डोंगरावरून खाली आणण्यात आले, आणि तेथपासून तिचे घर म्हणजे वाटेवरची देवळे व धर्मशाळा. पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा, उरेल ते दान करावे, असा त्यांचा क्रम होता. गृहकृत्यांच्या रगाड्यात दिवसा सवड मिळत नसे. म्हणून लक्ष्मीबाई पहाटे, पाखरे जागी होण्यापूर्वी, मुलीला मांडीवर घेऊन संस्कृत श्लोक शिकवीत.

मग दुष्काळ आला. जवळचा पैसा संपला, भांडीकुंडी गेली. १८७४ मध्ये अनंतशास्त्री वारले. त्यांच्या पाठोपाठ लक्ष्मीबाईही गेल्या. आईच्या अंत्ययात्रेस पुरेसे खांदेकरीदेखील मिळेनात. दोन ब्राह्मण व बंधू श्रीनिवास यांच्याबरोबर चौथ्या बाजूस रमाबाई उभ्या राहिल्या. उंचीने लहान असल्यामुळे तिरडीचा तो भार त्यांनी डोक्यावर घेतला. थोड्याच काळात थोरली बहीणही गेली. उरलेली भावंडे पायी उत्तरेकडे भटकत राहिली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. देवाला प्रसन्न करण्यासाठी शास्त्रात सांगितलेले सारे काही या कुटुंबाने निष्ठेने केले होते. त्या निष्ठेविषयी रमाबाईंच्या मनात अखेरपर्यंत आदर होता. परंतु त्यांच्या अंतःकरणातील प्रश्न मात्र अनुत्तरित राहिले.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद ठेवला. कीर्ती आली, पण १८८० मध्ये श्रीनिवासही गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते बंगाली आणि शूद्र जातीतील. त्या काळी हे मोठेच धाडस होते. सिलचरच्या त्या घरात त्यांना एक दिवस लूकच्या शुभवर्तमानाची छोटीशी बंगाली प्रत सापडली आणि त्या ती कुतूहलाने वाचू लागल्या. हे गृहसौख्य दोन वर्षेही टिकले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले, आणि लहानग्या मनोरमेला कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाच्या व स्त्रीवैद्यांच्या गरजेविषयी साक्ष दिली.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो बेत सोडावा लागला. परंतु त्या प्रवासात त्यांनी एक गोष्ट पाहिली. वाँटेज येथील ज्या धर्मभगिनींकडे त्या राहिल्या होत्या, त्यांचे लंडननजीक फुलहॅम येथे एक सेवागृह होते. समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांची शुश्रूषा त्या भगिनी सख्ख्या बहिणीच्या मायेने करीत होत्या. अशा स्त्रीविषयी ही करुणा येते कोठून, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू येशू कसा बोलला, ती कथा सांगण्यात आली. तो प्रसंग त्यांच्या मनात खोल रुजला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मात्र धर्म बदलला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. आहार शाकाहारीच राहिला, वेष पांढऱ्या लुगड्याचाच. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, संस्कृतात का नसावीत, असेही त्यांनी विचारले. धर्मभगिनींशी त्यांचे तात्त्विक वादही झाले. स्वतःच्या सदसद्विवेकाला पटल्यावाचून कोणतेही मत स्वीकारायचे नाही, हा वडिलांकडून आलेला बाणा त्यांनी तेथेही सोडला नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. पुढे तेथेच उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहून त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत.

याच काळात, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या जीवनाला खरे वळण लागले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही, अशी रुखरुख त्यांना लागून होती. बालपणी आईवडिलांनी व्रते, दाने, यात्रा करून पुण्य जोडण्याची पराकाष्ठा केलेली त्यांनी पाहिली होती. आता ख्रिस्ती होऊनही आपण तेच वेगळ्या रीतीने करीत आहोत, हे त्यांच्या ध्यानी आले. शास्त्रवाचन करता करता त्यांना उमगले की तारण हे आधी पात्रता मिळवून घ्यावयाचे वेतन नव्हे. जसे आहोत तसे देवापुढे उभे राहावे आणि त्याचे दान रिकाम्या हाताने स्वीकारावे. ते त्यांनी स्वीकारले, आणि मनाला शांती लाभली. त्यानंतर त्यांच्या कामाचा वेग मंदावला नाही, उलट वाढला. पुण्य मिळविण्याची चिंता सरली. मिळालेल्याबद्दलचा आनंद तेवढा उरला.

या आनंदाची किंमतही त्यांना मोजावी लागली. सदनात धर्माची सक्ती नव्हती; परंतु रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून वृत्तपत्रांत वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले. मुलींच्या विश्वासाचा हा भंग आहे असे टीकाकारांस प्रामाणिकपणे वाटत होते. स्वतःची श्रद्धा लपविणे हा खोटेपणा होईल असे रमाबाईंस वाटत होते. त्यांनी आपले दार बंद केले नाही.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वाटेवर मरणाऱ्यांच्या वार्ता ऐकताच रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीची भुकेली रमा आठवली असल्यास नवल नाही. हाती पैसा पुरेसा नसतानाही त्या निघाल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर मांडव घालून त्यांची सोय केली. हीच मुक्तिसदनाची सुरुवात. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर आश्रमवासीयांची संख्या दीड हजारांवर गेली. इतक्या मुखी अन्न घालण्यासाठी निश्चित उत्पन्न असे नव्हते. प्रार्थना करावी, येईल त्याचा काटेकोर हिशेब ठेवावा आणि हातांना काम द्यावे, ही त्यांची रीत. शेती, विणकाम, घाणा, छापखाना ही सारी कामे स्त्रियाच करीत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. फुलहॅमला पाहिलेल्या सेवागृहाचे स्वरूप केडगावच्या कृपासदनात उतरले. मनोरमाबाईंनी आईच्या खांद्याला खांदा लावला आणि गुलबर्ग्यासही शाळा काढली.

त्यांच्या अखेरच्या वर्षांचे काम होते बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतर खेड्यातल्या स्त्रीला कठीण जाते, हे त्यांनी पाहिले होते. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि संस्कृतप्रचुर भाषेवर प्रभुत्व असूनही त्यांनी साधी मराठी निवडली. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम आश्रमातील स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये चाळीस वर्षांची मनोरमा आईच्या हयातीतच गेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती यांच्यानंतर आता लेकही. तरीही रमाबाई मुद्रिते तपाशीत राहिल्या. ते काम संपते न संपते तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आता या जीवनाचा हिशेब मांडून पाहावा. पहाटेच्या अंधारात आईने जे शिकविले, ते शारदासदनातील विधवांना मिळाले. दुष्काळातून आपण वाचलो याची आठवण केडगावच्या मांडवांत शेकडो मुलींच्या ताटात वाढली गेली. परक्या देशात पाहिलेली करुणा कृपासदन झाली. ज्या वचनाने स्वतःला शांती लाभली, ते निरक्षरतेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या भाषेत आणले गेले. देवाला यातले काहीच परत करावयाचे नव्हते. आणि परतफेड करीत आहोत असे रमाबाईंनी कधी मानलेही नाही. विनामूल्य मिळाले ते विनामूल्य पुढे द्यावे, आणि उद्याची भाकर उद्या मिळेल असा भरवसा ठेवावा, एवढेच त्या करीत राहिल्या.

केडगावचे मुक्तिसदन आजही चालू आहे. आपल्या शाळेच्या साठ वर्षांकडे पाहताना, ज्यांच्यामुळे आपण शिकलो त्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, असे वाटत असेल, तर कोठे तरी एखादे मूल अजून पहिल्या अक्षराची वाट पाहत आहे, हे आठवावे.