सोळा मुलांची शाळा

महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव आपल्या चळवळीत निघते ते शिष्यवृत्तीपुरते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमरावांना दरमहा २५ रुपये देणारे आणि १९१३ साली त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविणारे बडोद्याचे महाराज, एवढी ओळख आपल्या वक्त्यांना पुरते. ती खरीच आहे. पण ज्या माणसाने खेड्यातल्या शाळेचा विचार राजा असूनही आयुष्यभर सोडला नाही, त्याला केवळ देणगीदार म्हणून फोटोत बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि आपलेही नुकसान आहे.

सयाजीराव मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातले. मालेगाव तालुक्यातील कौळाणे या गावी ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळ. गायकवाडांच्या राजघराण्याशी दूरचे नाते होते, पण घरात राजेपणाचा मागमूस नव्हता. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी १८७५ साली पदच्युत केले, खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायचे होते, आणि त्या शोधात कौळाण्याच्या मुलांना बडोद्याला नेण्यात आले. २७ मे १८७५ रोजी गोपाळचा सयाजीराव झाला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला धड अक्षरओळख नव्हती.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या काळचे राजपुत्र जन्मापासून शिक्षकांच्या गराड्यात वाढत. याने मात्र मिसरूड फुटायच्या वयात बाराखडी गिरवायला घेतली. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा भाषा एकाच वेळी अंगावर आल्या. इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला शिकविले, दिवाण टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. उशिरा शिकणाऱ्याला अक्षराची किंमत कळते, असे आपण म्हणतो. सयाजीरावांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची पूर्ण सूत्रे हाती आली आणि लगेच १८८२-८३ मध्ये त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा उघडल्या. त्याच १८८२ साली महात्मा जोतीराव फुले इंग्रज सरकारच्या हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून मागणी करत होते. खेड्यातला मास्तर शेतकरी वर्गातलाच असावा, नांगर किंवा सुताराची हत्यारे हाती धरायला त्याला लाज वाटू नये, असाही जोतीरावांचा आग्रह होता.

सरकारने जोतीरावांचे ऐकले नाही. बडोद्यात मात्र काम पुढे गेले. १८९१ च्या सुमारास महाराजांनी ग्रामशाळांची योजना काढली. ज्या गावात शिकायला येणारी किमान १६ मुले मिळतील, त्या गावाला शाळा मिळेल. सोळा! आणि मास्तर हा गावच्या कारभाराचाच एक घटक समजला जाईल, जसा पाटील तसा मास्तर. या दुसऱ्या भागाचे महत्त्व शिक्षणखात्यातल्या भल्याभल्यांना आजही उमगलेले दिसत नाही. तालुक्याहून अधूनमधून येणारा साहेब आणि गावात राहणारा मास्तर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. लहान गावात शाळा म्हणजे एक खोली, एक माणूस आणि त्याच्यापुढे वेगवेगळ्या इयत्तांची पोरे. कुणी धुळाक्षरे गिरवतोय, कुणी पाढे म्हणतोय, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रानात. अशा ठिकाणी मास्तर गावचा नसला तर शाळा फक्त हजेरीपटावर उरते.

दोन वर्षांनी, १८९३ साली, अमरेली तालुक्यातील दहा गावांत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. मुलगा घरी ठेवला तर पालकाला दंड. मुलींनाही सक्ती होती, हे विशेष. प्रयोग वाढत गेला आणि १९०६ साली संपूर्ण बडोदा संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश मुलखासाठी तसे विधेयक आणले तेव्हा त्यांच्यापुढे दाखला होता तो बडोद्याचाच. ते विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले.

पण कायदा झाला म्हणून शिकविणारा मिळतो काय? इथेच खरी मेख होती. अस्पृश्यांच्या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर तयार होईनात. सरकारी पगार चालत होता, विटाळ चालत नव्हता! शेवटी मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ साली पंजाबातून पंडित आत्माराम यांना या शाळांच्या देखरेखीसाठी आणले गेले. पुस्तके, पाट्या फुकट, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या असे सगळे केले. नवापूरच्या पलीकडे सोनगडच्या जंगलपट्ट्यात आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले. तरीही शाळा वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या. राजा पुरोगामी असला तरी वर्गातली जात हुकमाने जात नाही. याचा दाहक अनुभव बाबासाहेबांनी १९१७ साली खुद्द बडोद्यात घेतला. महाराजांच्याच नोकरीत असलेल्या या विद्वानाला शहरात राहायला जागा मिळाली नाही, कचेरीतला शिपाई कागद दुरून फेकत होता. महाराज तिथे कमी पडले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. व्यक्तिपूजा आपल्याला परवडणारी नाही.

एवढे म्हणूनही त्यांची ग्रामशाळा लहान ठरत नाही. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून त्यांनी फिरती वाचनालये सुरू केली, कारण शाळा सोडलेल्या पोराच्या हाती पुस्तक नसेल तर तो पुन्हा निरक्षर होतो. मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आपल्या प्रजासत्ताकाचा हिशेब पाहा. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेची कल्पना पुढे आली. तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणे दिली गेली. अशा शाळांची संख्या १५ हजारांच्या आसपास होती. सोळा मुले हे संस्थानिकाला शाळा उघडण्याचे कारण वाटले, आणि लोकशाही सरकारला तीच सोळा मुले शाळा उठवण्याचे कारण वाटतात! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. डोंगरातला एक किलोमीटर, मध्ये ओहोळ, आषाढातला पाऊस आणि सहा वर्षांची मुलगी, हे गणित मंत्रालयातल्या तक्त्यात मांडले जात नाही. पहिली गळती मुलींची होते, आणि पाडा-वस्तीवरची ही मुले कोणाची असतात ते वाचकांना सांगायला नको.

डिसेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले शाळा बंद झाली म्हणून शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर धडकली होती. दप्तरे परत घ्या, आम्हाला राखायला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. तो मोर्चा पोरांनी काढला, आपण बातमी वाचली. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कोणत्याही तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात कमी पटाच्या शाळांची यादी असते. आपल्या तालुका शाखांनी ती माहितीच्या अधिकारात मागावी, ग्रामसभेत वाचून दाखवावी, आणि कोणत्या शाळेत मास्तरची जागा किती महिने रिकामी आहे तेही त्याच अर्जात विचारावे.