कुमार गंधर्व : शिकले किती, सोडले किती

आपल्या अंकाच्या मराठी विभागात लिहावे की कन्नड विभागात, असा प्रश्न ज्यांच्याबद्दल पडावा अशी माणसे थोडी. पं. कुमार गंधर्व त्यांपैकी एक. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी गावी त्यांचा जन्म झाला. खरे नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. घरची भाषा कन्नड. पुढे त्यांनी तुकाराम गायिला, कबीर गायिला, आणि आयुष्याची चव्वेचाळीस वर्षे माळव्यातल्या देवासला काढली.

शालेय शिक्षण असे त्यांचे फारसे झाले नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचे गाणे हा मुलगा हुबेहूब गात असे. एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व म्हटले आणि तेच नाव कायम झाले. अकरा-बारा वर्षांच्या वयात मुंबईच्या जिना हॉलमध्ये गाऊन त्याने भल्याभल्यांना थक्क केले. परंतु त्यात त्याचे स्वतःचे काय होते? पाठांतरावर पहिला नंबर काढणारे विद्यार्थी आपल्याही पाहण्यात आहेतच!

वडिलांनी त्याला प्रा. बी. आर. देवधर यांच्या स्वाधीन केले, हे त्याचे भाग्य. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आपल्या गुरूखेरीज दुसऱ्याचे गाणे कानावर पडू द्यायचे नाही, असा तो काळ. देवधरांनी मात्र पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला आणि अनेक घराण्यांच्या गवयांकडून चिजा मिळवल्या. त्यांच्या गिरगावातल्या शाळेत कुमार सुमारे अकरा वर्षे शिकले, पुढे शिकवूही लागले. अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्यांना विद्या मिळाली.

१९४७ साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि पाठोपाठ क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये दोघे देवासला आली. एकाच गावात पवारांच्या थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे अशी दोन संस्थाने नांदवणारे हे गाव. शेजारच्या धारलाही पवारच. तेव्हा मराठी बोलणे तिथे परके नव्हते. पण खाटेवर पडलेल्या कुमारांच्या कानी आली ती माळवी. गाण्याला डॉक्टरांची सक्त मनाई. भानुमतीबाईंनी नोकरी करून संसार सांभाळला आणि शुश्रूषाही केली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवे होते; त्याने जीव वाचला, मात्र एक फुफ्फुस निकामी झाले ते झालेच.

त्या पाच-सहा वर्षांत कुमारांनी काय केले? ऐकले. लग्नाकार्यात गाणाऱ्या बायका, दारावर येणारे नाथपंथी, यांनी सारेगम कधी शिकलेले नव्हते. तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या त्यांच्या धुना कुमारांनी टिपून ठेवल्या. रागांचे मूळ या धुनांत आहे असे त्यांना दिसले, आणि त्यांतूनच मधसुरजा, अहिमोहिनी, लगनगंधार असे धुनउगम राग त्यांनी बांधले. १९६५ साली त्यांचा अनूपरागविलास हा ग्रंथ निघाला. एवढा शिकलेला गवई अशिक्षित बायकांचा विद्यार्थी होतो, हे मला त्यांच्या मैफलींहूनही मोठे वाटते.

१९५३ पासून ते पुन्हा गाऊ लागले. श्वास तोकडा, त्यामुळे स्वरवाक्ये छोटी, ताना विजेसारख्या. ज्यांनी नाके मुरडली ते अडाणी नव्हते. चांगले शास्त्र शिकलेले होते. यात घराणे कुठे आहे, ही त्यांची तक्रार. मी वाणिज्य शाखेचा. रागातले मला कळते असे नाही. पण विद्येने कान तयार होतात आणि त्याच विद्येने बंदही होतात, एवढे मात्र दिसते.

याचा अर्थ कुमार सगळ्यांना हो म्हणणारे होते असा नव्हे. त्यांची मते भलतीच ठाम होती. घराण्याची चौकट त्यांनी मानली नाही ती नाहीच. बालगंधर्वांची पदे त्यांनी गायिली तेव्हा त्या कार्यक्रमाला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. त्या नावात त्यांचे मत आहे आणि मताची मर्यादाही.

१९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण झालेले कुमार १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच निवर्तले. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे भानुकुल हे घर आहे. घराणे न मानणाऱ्या या गायकाचेच घराणे सांगणारे लोक आता भेटतात, आणि त्यांतले काही इतरांचे गाणे कुमारांच्या मापाने मोजतात.